सभेच्या दिवशी मोकळी गाडी

आमच्या वाडीला गाड्या लई येतेत. कोण म्हणतं येत न्हाईत? पाण्याचा टँकर येतो. वाळूचे टिप्पर रस्ता उखडत जातेत. मतं मागायच्या वक्ताला भोंगे लावलेल्या जीपा येतेत. दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या न्यायला ट्रक येतो. एक तेवढी लाल सरकारी गाडी होती, सकाळी पोरींना गेवराईला न्यायची आन् सांजच्याला आणून सोडायची, ती बंद पडली. त्याचीच ही गोष्ट हाय. माझं डोकं अजून थंड झालेलं न्हाई, तवा मधीच मी वाकडं बोलले तर ऐकून घ्या.

मी पारूबाई. चकलांब्याच्या पुढं फाटा लागतो, तिथून आत आमची वाडी. मालक गेल्यापासून मी धाकट्या भावाकडं, बिभीषणकडं राहते. बसून खात न्हाई हां. बिभीषण आन् त्याची बायको बायना दरसाल ऊस तोडायला जातेत, ते उन्हाळा तापल्यावरच परत येतेत. मागं घर, शेळ्या आन् त्यांची पोरगी मुक्ता, समदं माझ्या अंगावर. मुक्ताला मी चालायला शिकवलं, आन् तिनं मला गाडीच्या कपाळावरची पाटी वाचायला शिकवली. फिट्टंफाट.

मुक्ता बारावीला होती. तिला नर्स व्हायचं होतं. शेळीला काटा लागला तरी ही डॉक्टरीण कडूलिंबाचा पाला उकळून बसायची, आन् मी म्हणायचे, बाई गं, आदी चहाला पाणी ठेव, मग दवाखाना उघड. कॉलेज गेवराईला. पोरींचा पास सरकारनं फुकट केलेला. गळ्यात पास, पाठीवर दप्तर, आन् गाडी लिंबाखाली वळाय लागली की ही पळत सुटायची. कंडक्टर निवृत्ती मास्तर दारात उभा ऱ्हाऊन म्हणायचा, "चला मुक्ताबाई, तुमच्यावाचून गाडी निघत न्हाई." लई भला माणूस. डायवरच्या मागचं बाकडं तिचं ठरलेलं.

त्या साली पाऊस फिरकलाच न्हाई. पोळ्याला बैल धुवायला पाणी नव्हतं, तर मान्संबी ओल्या फडक्यानं अंग पुसून मोकळी झाली. सरकारी टँकर मंजूर व्हायचा होता, व्हायचाच होता. तवर कारखान्याचा टँकर यायचा. कारखाना म्हंजे आमच्या भागातला सहकारी साखर कारखाना. माझ्या बापानं त्याचा शेअर घेतलेला, पागोटं बांधून पहिल्या मोळीच्या पूजेला गेलता. आवंदा रानात उसाचं टिपरूबी नव्हतं, कारखान्याची चिमणी थंड, पण टँकर पळत होता आन् टँकरवर चेअरमनसाहेबांचा हात जोडलेला फोटो होता. टँकर कवा यायचा, कुणाच्या विहिरीत पाणी सोडायचं, हे सुंदरराव ठरवायचा. सुंदरराव म्हंजे वाडीतला कारखान्याचा माणूस. गोड बोलायचा, पण पाणी त्याच्या हातात होतं.

टँकर विहिरीत पाणी सोडायचा आन् चारी अंगानं बायका पोहरे टाकायच्या. त्या रेटारेटीत बायना कठड्यावरून घसरली आन् तिचं उजवं मनगट मोडलं. हाड बसवलं, पण मूठ काही आवळंना. आता बघा, आमच्याकडं नवराबायकोच्या जोडीला कोयता म्हणतेत. गडी तोडतो, बाई मोळ्या बांधती आन् डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकात चढती. एकट्या गड्याला मुकादम उभा करत न्हाई. मी स्वतः त्या फळीवरून चढलेली हाय, माझ्या मानेला इचारा.

बायनाचा हात गळ्यात बांधलेला बघून बिभीषणची नजर मुक्तावर गेली. मी ती नजर बघितली. तोबी समजला की आक्कानं बघितलं. रागीट न्हाई माझा भाऊ, पोरीवर जीव हाय त्याचा. पहिल्यापासून म्हणायचा, माझ्या लेकीच्या हातात कोयता देणार न्हाई. त्या दिवशी म्हणला, "आक्का, पोरगी शाळंत जाती तवर मी तिला न्हेणार न्हाई. मुकादमाला सांगीन, शाळा हाय. न्हाई घेतलं तर मातीकामाला जाईन. पण गाडी बंद पडली आन् पोरगी घरात बसली, तर मग मी काय सांगू?"

गाडी बंद पडायची भाषा तवाच सुरू झालती. त्याला कारण टँकर. टँकर यायचा सकाळी, गाडी यायच्याच येळंला. टँकर सोडून गाडीत कोण बसंल? पाणी गेलं तर दिवस गेला. गाडी लिंबाखाली हारन वाजवायची आन् मान्सं विहिरीवर भांडत असायची. गाडीत मुक्ता, दुसऱ्या दोन-चार पोरी, आन् एखादं म्हातारं दवाखान्याला निघालेलं. त्यात त्या पोरी बी पाण्यासाठी एक एक घरी बसाय लागल्या. ऱ्हायली मुक्ता. तिच्या वाट्याचं पाणी मी भरायचे.

एका सांजेला निवृत्ती मास्तर मला बाजूला घेऊन म्हणला, डेपोत बोलणं झालंय. फाट्यापासून आत गाडी मोकळी फिरती, डिझेल जळतं. पुढच्या हप्त्यात डेपोचा साहेब गाडीत बसून मान्सं बघणार हाय. रोजच्या रोज मान्सं दिसली तर गाडी ऱ्हाईल, एक दिवस जरी मोकळी गेली तर फाट्यावरून सरळ जाईल. कुणाला सांगू नका मी सांगितलं म्हणून.

मी काय गप बसते? दारोदार फिरले. म्हणलं, एक मानूस विहिरीवर, एक मानूस गाडीत, हप्ताभर एवढं करा. बायांना तिकीट अर्धंच हाय. तुमच्या पोरी उद्या शाळंत जायच्या हायेत का न्हाई? कुणी तोंड वाकडं केलं, पण आली. खरं सांगते, आली. तुळजाबाई मागल्या साली बदललेल्या चष्म्याचा नंबर परत बघायला गेली. सर्जेराव नुसता स्टँडवर बसून आला. जाईबाईला काहीच काम नव्हतं, म्हणून दात तरी दाखवावा म्हणून गेली आन् चांगली धड दाढ काढून आली. गाल सुजवून मलाच शिव्या देत होती. पण गाडी भरली. साहेब पुढच्या बाकड्यावर बसून बघत होता, निवृत्ती मास्तर गालात हसत होता, आन् मुक्ताला त्या हप्त्यात बसायला जागा मिळाली न्हाई. उभ्यानं जायची आन् घरी येऊन हसत सांगायची, आत्या, आज बी उभीच गेले. उभी ऱ्हाण्याचा असा आनंद मी कुणाला झालेला बघितला न्हाई.

शेवटचा एक दिवस ऱ्हायला. आन् त्याच दिवशी कारखान्याची वार्षिक सभा.

सुंदरराव आदल्या दिवशी घरोघर आला. सभासदांनी यायचंच हाय, घरच्यांनाबी आणायचं. कारखान्याची गाडी दारातून न्हेईल, जेवण हाय, दिवाळीची साखर तिथंच वाटणार. आन् वर म्हणला, आपल्या वाडीच्या गाडीचा ठराव सभेत घेणार हायेत. चेअरमनसाहेब स्वतः वर बोलणार. वाडीतून मान्सं भरपूर दिसली पायजेत, न्हाई तर चेअरमनसाहेब म्हणतील, ह्यांनाच गरज न्हाई.

मी म्हणलं, सुंदरराव, उद्याच्या दिवस निम्मी मान्सं न्या, निम्मी गाडीत बसू द्या. त्यो हसला. "पारूबाई, टँकर कुणाचा पिता? उद्या टँकरबी येणार न्हाई, समदे डायवर सभेला हायेत. परवा येतो का न्हाई, ते उद्याच्या गर्दीवर हाय." एवढं गोड बोलून त्यो पुढच्या घरी गेला. बायना आतून ऐकत होती. टँकर चुकला तर मोडक्या हातानं लांबनं पाणी आणता येत न्हाई, हे तिला चांगलं म्हाईत होतं.

बिभीषण तर खूश. म्हणला, आक्का, आपण येड्यासारखं स्टँडवर जाऊन बसतोय. सभेत ठराव झाला तर कुणाची हिंमत हाय गाडी बंद करायची? मी स्वतः उठून बोलतो. मी म्हणलं, तू बोल, पण पोरीला आन् मला गाडीतच जाऊ दे. तर म्हणला, जा की.

सकाळी कारखान्याचे ट्रॅक्टर आले, एकामागं एक दोन ट्रॉल्या जोडलेले. समदी वाडी चढली. तुळजाबाई चष्मा लावून, जाईबाई सुजलेला गाल घेऊन, सर्जेराव धुतलेली टोपी घालून. बायनाबी चढली, बिभीषण सभेत बोलंल तवा साखरेच्या रांगेला घरचं कोणतरी पायजे म्हणून. 'गाडी चालू ऱ्हायलाच पायजे' असं कापडावर लिहून ट्रॉलीला बांधलं होतं. त्यांचा धुरळा खाली बसतो न बसतो तोच लाल गाडी आली आन् लिंबाखाली वळली. निवृत्ती मास्तर दारात उभा. इकडं बघितलं, तिकडं बघितलं. "चला मुक्ताबाई" बी म्हणला न्हाई.

गाडीत आमी दोघी. मागं समदी बाकडी मोकळी, खिडक्या खडखडा वाजतेत. दोन्ही बाजूला जळालेली रानं. साहेब पुढं बसलेला. पोरगेलासा होता, वाईट नव्हता. मला इचारलं, मावशी, आज वाडीत काय झालं? मयत हाय का?

मी म्हणलं, मयत न्हाई, सभा हाय. समदी मान्सं तुमची गाडी मागायला गेली.

त्याला आदी हसू आलं. मग त्यानं तोंड खिडकीकडं केलं. म्हणला, "मावशी, मी डोकी मोजायला बसलोय. डोकी का आली न्हाईत, ते मला कुणी इचारत न्हाई."

माझं डोकं फिरलं. मी उठून उभी ऱ्हायले, गाडी हालती, दांडा धरलेला. म्हणलं, "साहेब, टँकर काय नफ्यात चालतो व्हय? सरकारी दवाखाना नफ्यात चालतो? आजारी कमी आले म्हणून डॉक्टरला घरी पाठवता का? मान्सं प्यायला पाणी न्हाई म्हणून विहिरीवर हायेत, म्हणून गाडी मोकळी हाय, आन् गाडी मोकळी हाय म्हणून तुमी तीबी न्हेता. ही एक पोरगी बसली हाय ना? हिच्या एकटीसाठी चालवा. सरकारनं कुठं तरी पैसा खर्चायचाच हाय, तर हिच्यावर खर्चू द्या."

त्यानं कागदावर दोनचा आकडा मांडला. निवृत्ती मास्तर खिडकीबाहेर बघाय लागला. मुक्तानं माझा पदर ओढला, आत्या, बस ना, म्हणली. लाज वाटली असंल तिला. बसले मग. काय करणार?

फाट्याच्या जरा अलीकडं आमची गाडी ट्रॅक्टरांच्या मागं सापडली. पुढं वाडीच्या मान्सांनी गच्च भरलेल्या ट्रॉल्या, मागं आमी मोकळे. मान्सं आमच्याकडं बघून हात हलवत होती. बिभीषणनं उभं ऱ्हाऊन मुक्ताला हात केला. तिनंबी केला. साहेबानं ते बघितलं, आन् त्यांच्या ट्रॉलीला बांधलेलं कापडबी वाचलं असंल. वाचून काय उपयोग?

सांजच्याला बिभीषण घरी आला तवा त्याच्या पायाला जमीन लागत नव्हती. खांद्यावर साखरेची पिशवी. मला म्हणला, आक्का, आज मी माईकवर बोललो. म्हणलो, माझी पोरगी बारावीला हाय, गाडी बंद केली तर तिचं शिक्षण बंद, तिच्या हातात मला कोयता द्यावा लागंल. चेअरमनसाहेबांनी रुमालानं डोळे पुसले. आन् ठराव मंजूर. एकमतानं. टाळ्या थांबंनात.

बायनाच्या डोळ्यात पाणी आलं. मुक्ता चुलीपाशी होती, ती उठली न्हाई. मला वाटलं, सांगू का नको. पण मी कवा गप बसले?

"बिभीषण, साहेब आज गाडीत होता."

"असू दे की. ठराव झालाय."

"गाडीत आमी दोघीच होतो."

त्याला आदी समजलंच न्हाई. मग पिशवी खांद्यावरून खाली उतरली. म्हणला, पण ठराव झालाय ना आक्का? आन् मुक्ताकडं बघितलं. मुक्ता भाकर उलटवत म्हणली, तुम्ही चांगलं बोललात ना दादा, मग झालं. बापाला दादा म्हणायची ती. ती पोरगी बापाला एक शब्द वाकडा बोलली न्हाई, तवा बी न्हाई आन् नंतर बी न्हाई. मीच बोलते, तिच्या वाटचंबी.

दसऱ्याच्या अंगाला निवृत्ती मास्तरनं सांगितलं, उद्यापासून गाडी फाट्यावरून सरळ. मान वर करून बोलवंना त्याला. सुंदररावला इचारलं तर म्हणला, ठराव वर पाठवलाय, वरून उत्तर यायचंय. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. टँकर मात्र आला बरं का, सभेच्या दुसऱ्याच दिवशी आला. फोटोवरचे हात तसेच जोडलेले.

मी हार मानली न्हाई. मुक्ताला घेऊन फाट्यापर्यंत चालत जायचे. लांबची वाट, मधी नाल्याचं खोलगट, आन् मागनं वाळूचे टिप्पर असे यायचे की आमी दोघी बाभळीत घुसायचो. फाट्यावर गाड्या भरून यायच्या. कवा थांबायची, कवा न्हाई. काळीपिवळी जीप पुरती भरल्याबिगर हालायची न्हाई, आन् तिच्यात पोरीला कुणाच्या मांडीला मांडी लावून बसवायचं? कॉलेजात पहिले दोन तास बुडायचे. परत येताना अंधार पडायचा, तवा बिभीषण अर्ध्या वाटेवर येऊन उभा ऱ्हायचा. एक दिवस माझा गुडघा नाल्यातच धरला. मुक्तानं मला तिथंच झाडाखाली बसवलं, गुडघा चोळला, आन् तासाभरानं हाताला धरून घरी आणलं. गेवराईकडं तोंडच केलं न्हाई. घरी आल्यावर दप्तर खुंटीला अडकवलं. ते परत काढलं न्हाई.

दिवाळी झाली. आवंदा लई जोड्या दुसऱ्याच मुकादमांच्या मागं आदीच गेलत्या. आमच्या मुकादमाच्या टोळीत आमच्या वाडीतून एकच कोयता ऱ्हायला, बिभीषणचा. बायना सैपाकाला, आन् जोडीला मुक्ता. मला वाटलं, एवढ्यासाठी काय ट्रक आत येतोय? फाट्यावर बोलावतील. फाट्यावर बोलावलं तर चालता चालता बिभीषणला अजून चार गोष्टी सांगून बघू, असंबी मनात होतं.

ट्रक आला. फाट्यापासून आत, खड्ड्यातून हालत डुलत, लिंबाखाली वळला, आन् थेट आमच्या दारात उभा ऱ्हायला. पत्रे, भांडी, सरपण, शेळीचं एक पिल्लू, समदं चढवलं. बिभीषण माझ्याकडं बघत नव्हता. मी डायवरपाशी गेले. म्हणलं, लेकरा, एवढ्या आत काहून आलास? तुझी गाडी मोकळीच हाय की. डिझेल जळत न्हाई का तुझं?

त्यो भला होता. हसून म्हणला, "मावशी, एक कोयता असला तरी गाडी दारात येती. आमचा तसाच नियम हाय."

मी तिथंच खाली बसले. बायना म्हणली, वन्सं, असं करू नका. रडले मी, समद्यांसमोर रडले. सरकारला एक पोरगी जड झाली, आन् कोयत्याला गाडी दारात. असं कसं रे असतं?

मुक्ता ट्रकात चढली. आईचं जुनं लुगडं फाडून डोक्यावर मोळीखाली ठेवायला चुंबळ केली होती, ती हातात. चढल्यावर तिला काय आठवलं काय म्हाईत, परत खाली उतरली. गळ्यातला पास काढला आन् माझ्या हातात दिला. म्हणली, "आत्या, गाडी चालू झाली तर फोन कर. मी कुठंबी असले तरी येते. परीक्षा फेब्रुवारीत हाय."

मी म्हणलं, करते.

आता रोज सकाळी टँकर येतो. लांबनं आवाज सारखाच येतो, म्हणून मी शेळ्या सोडून लिंबापर्यंत जाते, पाटी वाचता येती मला. पाटी नसती, फोटो असतो. पास डब्यात ठेवलाय, उंदीर लागू नये म्हणून. परीक्षा होऊन गेली. फोन करायचं काम काही पडलं न्हाई.